खांबाखाली खांब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

कोळशाच्या भूमिगत खाणीत पहिल्यांदा उतरलेला पाहुणा हमखास एक प्रश्न विचारतो. दोन्ही बाजूंना कोळशाची भिंत, डोक्यावर कोळशाचे छत, पायाखालीही कोळसाच. एवढा कोळसा समोर असताना हे लोक तो काढत का नाहीत? माणसे मात्र मधल्या एका बोगद्यातून ये-जा करत असतात आणि कुठल्या तरी टोकाला जाऊन थोडासा कोळसा पाडतात. पाहुण्याला हा शुद्ध आळस वाटतो.

याचे उत्तर असे, की तो न काढलेला कोळसा छत धरून उभा आहे. वर शे-दीडशे मीटर खडक आहे. तो खाली येऊ नये म्हणून हा कोळसा जागच्या जागी ठेवलेला आहे. भूमिगत खाणीचा आराखडा आखणारा माणूस आधी काय ठेवायचे ते ठरवतो. काढायचे काय, हा प्रश्न त्यानंतरचा.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए. पण पोटापाण्याची बरीच वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खाणीच्या सर्व्हे ऑफिसात नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळण्यात गेली. माझे अब्बा त्याच पट्ट्यात टिंबरमन होते, म्हणजे छताला लाकडाचे टेकू देणारे. त्यामुळे इंजिनीअर मंडळी टेबलावर काय आखतात आणि खाली उतरणारा माणूस त्याचा काय अर्थ लावतो, हे दोन्ही कानांवर पडत राहिले. जाड थरांची आणि एकमेकांना चिकटून असलेल्या थरांची खाण कशी आखतात, ते आज सांगायचे आहे. हा विषय मला कधीच कोरडा वाटला नाही. या आखणीवर माणसांचे जीव अवलंबून असतात आणि वर वसलेली गावेही.

आधी थर जाड का होतो ते पाहू. आपल्याकडचा बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातला आहे. हे नाव शास्त्रज्ञांनी गोंडांच्या मुलखावरून घेतले, आणि चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर जो वालुकाश्म आढळतो त्याला कामठी म्हणतात, ते नागपूरजवळच्या कामठीवरून. म्हणजे दगडांच्या शास्त्रात विदर्भाची हजेरी पक्की लागलेली आहे. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी या भागात दलदली होत्या. झाडे वाढत, पडत, पाण्यात बुडत आणि त्यांच्यावर पुन्हा झाडे उगवत. दलदलीचा तळ ज्या गतीने खचत गेला त्याच गतीने वर झाडोरा साचत गेला, तर थर वाढतच जातो. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी तो पंधरा ते वीस मीटर जाड आहे. पाच-सहा मजली इमारत आडवी पसरावी तसा.

मध्येच नद्यांनी वाळू आणि गाळ आणून टाकला, तर हा क्रम तुटतो. गाळावर पुन्हा दलदल होते, पुन्हा कोळसा. मग कोळसा, दगड, कोळसा, दगड अशी चिरोट्याच्या पदरांसारखी चवड तयार होते. मधल्या दगडाच्या पदराला खाणीत पार्टिंग म्हणतात. पार्टिंग तीस-चाळीस मीटरचे असेल तर वरच्या आणि खालच्या थराला एकमेकांची फारशी झळ लागत नाही. ते चार-पाच मीटरचे असेल तर मात्र हे दोन थर सामायिक भिंतीच्या दोन घरांसारखे होतात. याच्या घरात खिळा ठोकला की त्याच्या घरातला गिलावा पडतो. झारखंडमधल्या झरियाच्या कोळसाक्षेत्रात तळापासून वर एक ते अठरा असे क्रमांक दिलेले थर आहेत आणि त्यांतले अनेक असेच शेजारी-शेजारी आहेत.

आता खाणीच्या भाषेतले दोन शब्द सांगतो, ते पुढे लागतील. खाणीत छताला ‘चाल’ म्हणतात. ‘चाल पडली’ म्हणजे छत कोसळले. आणि कोळसा काढून झाल्यावर मागे जी पोकळी उरते, छत पडू दिलेली, तिला ‘गोफ’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द खाणीतल्या तोंडात बसून असा झाला. मराठीत चाल गाण्याला लावतात आणि गोफ विणतात. कवी असल्यामुळे या दोन शब्दांनी मला नेहमीच अस्वस्थ केले आहे, पण ते असो.

आपल्याकडची नेहमीची पद्धत बोर्ड आणि पिलरची. नव्या वसाहतीत आखीव गल्ल्या असतात, तसे कोळशात एकमेकांना काटकोनात छेदणारे बोगदे काढायचे. या गल्ल्या म्हणजे गॅलऱ्या आणि मधले चौकोनी ठोकळे म्हणजे पिलर. गॅलरी किती रुंद असेल आणि पिलर किती मोठा, हे कुणाच्या मर्जीवर नाही. १९५७ च्या कोळसा खाण नियमावलीत त्याचा तक्ता दिलेला होता. २०१७ मध्ये ती नियमावली जाऊन नवी आली, पण तक्त्यामागचे तत्त्व तेच आहे. खोली वाढली की पिलर मोठा, गॅलरी रुंद केली की पिलर आणखी मोठा. गॅलरीची रुंदी साधारणपणे ४.८ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही आणि उंची ३ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही.

एक उदाहरण करून पाहू. खोली १२० मीटर, गॅलरी ४.८ मीटर रुंद. तक्ता सांगतो, एका पिलरच्या मध्यापासून शेजारच्या पिलरच्या मध्यापर्यंत किमान साडेपंचवीस मीटर अंतर हवे. म्हणजे पिलर २०.७ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. खडकाचे वजन घनमीटरला ढोबळमानाने अडीच टन धरा. प्रत्येक चौरस मीटरवर तीनशे टन झाले. पण पिलरला केवळ आपल्या डोक्यावरचा भार नसतो. चारी बाजूंच्या गॅलऱ्यांवरच्या भाराचा आपला वाटाही त्यालाच उचलायचा असतो. हिशेब केला तर एका पिलरवर जवळजवळ एक लाख पंच्याण्णव हजार टन येतात. चौरस मीटरला साधारण साडेचारशे टन.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की आपण फक्त गॅलऱ्यांतला कोळसा काढला. तो त्या उंचीतल्या कोळशाचा एक तृतीयांश होतो. थर तीन मीटरचाच असता तर एक तृतीयांश हाती आला, दोन तृतीयांश पिलरमध्ये राहिला, असे म्हणता आले असते. पण थर अठरा मीटरचा आहे आणि गॅलरी तीनच मीटर उंच. एक तृतीयांशाचा सहावा हिस्सा! म्हणजे शंभरातले सहा टनही हाती आले नाहीत. जाड थराचे दुखणे ते हेच. घरात धान्याची कणगी भरलेली आहे आणि हात घालायला भोक मात्र उंदराचे.

मग साहजिकच कुणालाही वाटते, गॅलरीची उंची वाढवा. छताला कोळसाच आहे ना, तो पाडा. इथे पिलरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. अंगाला लावायचा साबण आडवा ठेवून त्यावर उभे राहा, काही होत नाही. तोच साबण उभा ठेवून पाय द्या. कोळसा तोच, खांबाची जाडी तीच, केवळ उंची वाढली की ताकद घटते. बाजू फुगतात, पापुद्रे सुटतात आणि गाभा बारीक होत जातो.

हे साऱ्या जगाला कळले ते फार मोठी किंमत देऊन. दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुक नावाची खाण होती. तिथे वर सोडलेला कोळसा पाडून गॅलऱ्यांची उंची वाढवण्यात आली होती, पिलर मात्र होते तेवढेच राहिले. डिसेंबर १९५९ च्या अखेरीस एका भागातले पिलर कोसळले. इशारा मिळाला होता. तरी काम सुरू राहिले. २१ जानेवारी १९६० रोजी एक पिलर गेला, त्याचा भार शेजाऱ्यांवर आला, ते गेले, आणि बघता बघता शेकडो पिलर पडले. चारशे तीसहून अधिक माणसे आत राहिली. त्यांतले बरेच जण लेसोथो आणि मोझांबिकहून पोटासाठी आलेले होते. त्यांचे देह कधीच बाहेर काढता आले नाहीत.

त्यानंतर तिथे सॅलॅमन आणि मनरो या दोघांनी टिकलेल्या ९८ आणि कोसळलेल्या २७ ठिकाणांची मापे गोळा केली आणि १९६७ मध्ये पिलरच्या ताकदीचे सूत्र मांडले. त्या सूत्राप्रमाणे पिलरची रुंदी दुप्पट केली तर ताकद अडतीस टक्क्यांच्या आसपास वाढते. उंची दुप्पट केली तर ती एक तृतीयांशाहून जास्त घटते. वाढ कमी आणि घट मोठी असा हा व्यवहार आहे. शिवाय उंची वाढवायला एका पाळीचा सुरुंग पुरतो. रुंदी मात्र एकदा गॅलरी काढून झाल्यावर कुणाला वाढवता येत नाही. कापलेला कोळसा परत चिकटत नाही. आपल्याकडे धनबादच्या खाण संशोधन संस्थेनेही भारतीय खाणींतल्या टिकलेल्या आणि पडलेल्या पिलरवरून आपले वेगळे सूत्र बसवले. आखणी करणारे त्या आधाराने ताकदीला भाराने भागतात आणि येणाऱ्या आकड्याला सुरक्षा गुणक म्हणतात. तो एकच्या जवळ आला की पिलर जेमतेम उभा आहे असे समजायचे.

उंची वाढवता येत नसेल तर उपाय एकच, थराचे मजले पाडायचे. जाड थराच्या वरच्या भागात तीन मीटरची एक खाण, मध्ये कोळसा सोडायचा, खाली दुसरी खाण. याला सेक्शन म्हणतात. आणि इथे आपल्या दोन्ही प्रश्नांची गाठ पडते. एका जाड थराचे दोन सेक्शन काय किंवा पाच मीटरवर असलेले दोन वेगळे थर काय, आखणी करणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट एकच. वर एक घर, खाली एक घर आणि मध्ये एक पातळ छत.

अशा वेळी पहिला दंडक हा, की वरच्या पिलरखाली खालचा पिलर यायला हवा आणि गॅलरीखाली गॅलरी. थर तीस अंशांहून जास्त कललेले असतील तर गोष्ट वेगळी. दुसरा दंडक, मधले पार्टिंग कुठेही तीन मीटरपेक्षा कमी होता कामा नये. नऊ मीटरच्या आतले थर लगतचे समजून त्यांची काळजी आणखी बारकाईने घ्यायची. यातला पहिला दंडक समजायला कुठल्याही बांधकामाकडे पाहावे. दुसऱ्या मजल्याचा कॉलम पहिल्या मजल्याच्या कॉलमवर उभा असतो. तो दोन फूट सरकवून मधल्या स्लॅबवर उभा केला तर गवंडीसुद्धा काम सोडून जाईल.

माझ्या नोकरीतले मला आवडणारे काम याच दंडकाशी जोडलेले होते. तेव्हा नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर काढत. वरच्या सेक्शनचा नकाशा एका रंगाच्या शाईत, खालच्याचा दुसऱ्या. सर्व्हेअर साहेब दोन्ही कापडे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायला सांगत. मी दोन कोपरे धरून उभा राहायचो आणि ते बोटाने चौकोन तपासत जायचे. लाल चौकोन निळ्यावर बसला की पुढे. कुठे लाल चौकोनाचा कोपरा निळ्या गल्लीत उतरलेला दिसला की ते थांबत आणि पेन्सिलीने गोल करत. ऊन चांगले असेल तर अर्धा मीटरचा फरकही कळायचा. हल्ली हे संगणकावर होते आणि चांगले होते. पण संगणकात जे भरले असेल तेच तो दाखवणार. मूळ मोजणी चुकली असेल तर रंगीत चौकोन एकमेकांवर बसलेले दिसतील आणि खाली प्रत्यक्षात पिलर अधांतरी असेल.

तीन मीटरच्या अटीबद्दल माझे स्वतःचे एक मत आहे. ही किमान मर्यादा आहे आणि किमान मर्यादेला पुरेशी समजण्याची आपल्याला सवय आहे. तीन मीटर चांगला वालुकाश्म आणि तीन मीटर भुसभुशीत शेल हे नकाशावर सारखेच दिसतात. छताखाली उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आतापर्यंत आपण गॅलऱ्याच काढल्या. खरा कोळसा पिलरमध्ये अडकून आहे. तो सोडवण्याच्या कामाला डिपिलरिंग म्हणतात. खाणीच्या हद्दीकडून सुरुवात करून एकेक पिलर कापत मागे यायचे आणि मागचे छत पडू द्यायचे. हे काम धोक्याचे आणि हिशेबाचेही. अब्बांची सारी नोकरी याच कामात गेली. सालाच्या लाकडाचे टेकू देत आणि लाकडे एकमेकांवर रचून कॉग उभे करत. ते म्हणायचे, “लकड़ी बोलती है, लोहा नहीं बोलता.” भार आला की लाकूड आधी करकरते, मग चिरते आणि माणसाला निघायला अवधी मिळतो. नंतर स्टीलचे टेकू आणि छतात ठोकायचे रूफ बोल्ट आले. ते लाकडापेक्षा कितीतरी चांगले, हे अब्बाही मान्य करत. पण त्यांच्या मुकेपणाबद्दल त्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

छत पडू द्यायचे म्हटल्यावर ते किती उंचीपर्यंत पडेल, हे पाहावे लागते. पडलेली भिंत उभ्या भिंतीपेक्षा जास्त जागा घेते, हे आपण पाहिलेले असते. खडकही तुटला की फुगतो. समजा तो दीडपट न होता तीस टक्केच फुगला. तीन मीटर कोळसा काढला तर दहा मीटर उंचीपर्यंतचा खडक पडल्यावर पोकळी गच्च भरते आणि वरच्या खडकाला टेकू मिळतो. अठरा मीटरचा थर पूर्ण काढला तर याच हिशेबाने साठ मीटरपर्यंत पडझड जाईल. त्या साठ मीटरमध्ये दुसरा कोळशाचा थर असेल तर तो तुटून वाया जाणार. पाण्याचा साठा असेल तर तो खाली येणार. आणि त्याच्याही वरचे खडक वाकून जमीन खचणार, ते वेगळेच.

म्हणून क्रम ठरलेला आहे. छत पाडायचे असेल तर वरचा थर आधी, खालचा नंतर. वरच्याची पडझड होऊन ती दबून बसली की मग खाली हात घालायचा. ऐकायला सोपे आहे. पण वरच्या थरात काम करताना छत खराब लागले म्हणून कुणी चार पिलर तसेच सोडले, तर ते चार पिलर भोवतालच्या गोफाचाही भार घेऊन खालच्या थरावर खिळ्यासारखे रुततात. वीस वर्षांनी खालच्या थरात काम करणाऱ्यांना एकाच ठिकाणी छत का फुटते, बाजू का ढासळतात, हे कळत नाही. वर कुणी काय सोडून गेले, ते नकाशावर नसेल तर कळणार तरी कसे?

वरच्या जुन्या कामांत आणखी एक गोष्ट साचते, ती म्हणजे पाणी. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांमधून पाणी खालच्या खाणीत घुसले आणि ३७५ माणसे गेली. या घटनेच्या छायेत पुढे ‘काला पत्थर’ हा चित्रपट १९७९ मध्ये आला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. पाण्याने भरलेल्या जुन्या कामांपासून साठ मीटरच्या आत परवानगीवाचून जायचे नाही आणि जाताना पुढे लांब भोके पाडून चाचपत जायचे, असा नियम आहे. आंधळ्याने काठी टेकत जावे तसे. हे साठ मीटर मोजायचे तर जुने काम नेमके कुठे संपले, हे माहीत हवे. पुन्हा नकाशाच!

आणि तिसरी गोष्ट आग. कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो आणि हळूहळू तापतो. उष्णता वाऱ्याने वाहून गेली तर ठीक, कोंडली तर पेट घेतो. जाड थरात सगळा कोळसा कधीच निघत नाही. बराचसा चुरा होऊन गोफात राहतो आणि त्याला थोडीथोडी हवा मिळत राहते. आग लागायला इतके चांगले चुलाण शोधून सापडणार नाही. त्यावर आखणीतला उपाय फार शहाणपणाचा आहे. खाणीचे छोटे छोटे वाडे करायचे, ज्यांना पॅनेल म्हणतात. प्रत्येक पॅनेलभोवती कोळशाची अखंड भिंत ठेवायची आणि आत शिरायला मोजकीच तोंडे. त्या भागातला कोळसा तापायला किती महिने घेतो, ते अनुभवाने माहीत असते. सहा महिने, नऊ महिने, कुठे वर्ष. पॅनेल एवढेच मोठे आखायचे, की त्या मुदतीच्या आत कोळसा काढून तोंडे विटांनी चिणून टाकता येतील. म्हणजे खाणीच्या आकाराचे माप इथे मीटरमध्ये नसून महिन्यांत असते. खाणशास्त्रातली ही मला सर्वांत आवडणारी कल्पना.

झरियात हे झाले नाही. तिथल्या आगीची नोंद १९१६ पासूनची आहे. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७१ ते १९७३ या काळात झाले. त्याआधी तिथे शेकडो छोटे मालक होते आणि ज्याला जो थर सोपा वाटला तो त्याने काढला. वरचा थर आधी की खालचा, पिलर पिलरखाली आहे का, कोळशाची भिंत राखली का, हे विचारणारा कुणी नव्हता. थर जवळजवळ असल्यामुळे एका थरातली आग तडे गेलेल्या पार्टिंगमधून दुसऱ्यात गेली. वर घरे, रस्ते, देवळे, मशिदी. २००९ मध्ये सरकारने तिथल्या लोकांना हलवण्यासाठी मोठी योजना मंजूर केली, पण माणसे अजूनही धुराच्या कडेला राहतात.

गाव वर असेल आणि कोळसा तर काढायचा असेल, तर जुना खात्रीचा उपाय म्हणजे वाळू. नदीची वाळू पाण्यात कालवून पाइपातून खाली सोडायची. पाणी निथळून जाते, वाळू पोकळीत घट्ट बसते. वाळू भरायची असेल तर क्रमही उलटा करता येतो. थराचा तळचा काप आधी काढायचा, वाळू भरायची आणि त्याच वाळूवर उभे राहून वरचा काप काढायचा. जमीन अगदी थोडी खचते, कोळसा बराच निघतो आणि आगीलाही जागा उरत नाही. अडचण एकच, की टनभर कोळशाची जागा भरायला टनभर, किंबहुना थोडी जास्तच वाळू लागते. आणि नद्यांची आजची दशा आपण पाहतोच आहोत. घर बांधायला वाळू मिळत नाही तिथे खाणीत भरायला कोण देणार? औष्णिक वीज केंद्रांची राख वापरावी, हा विचार बरीच वर्षे चालू आहे. चंद्रपूरकरांना राखेची कमतरता नाही. पण राख वाळूसारखे पाणी सोडत नाही, चिखल होऊन बसते आणि तो चिखल बांध फोडून माणसांवर येण्याची भीती असते. त्यावरही तोडगे निघत आहेत.

जाड थरासाठी आणखीही पद्धती आल्या. १९८० च्या दशकात फ्रान्सकडून ब्लास्टिंग गॅलरीची पद्धत घेतली. ती झरियातल्या ईस्ट कतरास आणि राणीगंज भागातल्या चोरा खाणीत वापरून पाहिली आणि नंतर तेलंगणातल्या सिंगरेणीत. थराच्या तळाशी गॅलरी काढायची, तिच्या छतातून पंख्याच्या पात्यांसारखी वर भोके पाडायची, सुरुंग उडवायचा आणि पडलेला कोळसा दुरून चालवल्या जाणाऱ्या यंत्राने ओढून आणायचा. माणूस टेकू दिलेल्या छताखालीच राहतो, उघड्या छताखाली जाते ते यंत्र. चीनमध्ये वीस मीटरपर्यंतचे थर याहून मोठ्या यंत्रांनी काढतात. तळाशी पोलादी टेकूंची रांग सरकत जाते आणि वरचा कोळसा आपल्याच वजनाने तिच्या मागे कोसळतो. आपल्याकडे छताचा वालुकाश्म पुष्कळदा टणक असतो. तो वेळेवर पडत नाही, अडून राहतो आणि मग एकदम येतो. दुसऱ्या देशाची पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, ती यामुळे.

या सगळ्या कटकटीला कंटाळून आपल्या भागात सोपा मार्ग निघाला, तो उघड्या खाणीचा. वरची माती आणि दगड बाजूला करायचे आणि सगळा थर वरून उचलायचा. कोळसा जवळजवळ पूर्ण निघतो आणि चाल पडून माणूस मरत नाही, हे दोन्ही खरे. शेती जाते, गाव उठते, मातीचे डोंगर उभे राहतात, हेही तितकेच खरे. टिंबरमनचा मुलगा म्हणून मला पहिली गोष्ट जास्त जवळची वाटते. पण ज्यांची काळी जमीन गेली, त्यांच्यासमोर ती मला मोठ्याने बोलता येत नाही.

आता तर जुन्या भूमिगत खाणींवरच उघड्या खाणी आल्या आहेत. पूर्वी सोडलेले पिलर काढायचे म्हणून. यंत्राने कडा कापली की तिच्यात जुन्या गॅलऱ्यांची तोंडे उघडी पडतात, खिडक्यांसारखी, एकीखाली एक. दूर उभे राहूनही कळते, की कोणत्या ठिकाणी आखणी नेटकी होती आणि कुठे सरकली होती. अशा ठिकाणी सुरुंगाची भोके पाडण्याआधी जुने नकाशे बाहेर काढतात, कारण भोक थेट पोकळीत गेले तर सुरुंगाचा जोर भलतीकडे जातो. शिवाय इतकी वर्षे बंद असलेल्या गॅलरीला हवा लागली की कोळसा तापू लागतो. म्हणून प्रत्येक भोकात आधी तापमापक सोडतात. आत ऐंशी अंशांहून जास्त निघाले तर त्या भोकात दारू भरत नाहीत. आधी पाणी सोडतात, थांबतात आणि पुन्हा मोजतात.